डबी का डोलते

टेलरकाकूंनी आयुष्यात एकदाच चोरटी वाहतूक केली, आणि तीही सख्ख्या नवऱ्याच्या डोळ्यांदेखत. हा नवरा म्हणजे कुणी साधासुधा माणूस नव्हे. हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर त्यांची सारी नोकरी गेली. ट्रक काट्यावर चढायच्या आधीच, नुसतं त्याच्या टायरचं पोट बघून ते सांगायचे की आत कागदावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त माल आहे. ताडपत्रीखाली लपवलेल्या गोण्या असोत की ड्रायव्हरच्या सीटमागे कोंबलेल्या लोखंडी सळया, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. ट्रकवाले त्यांना काटेसाहेब म्हणत, आणि पाठ फिरली की आणखीही काही म्हणत. मुलगी जन्मली तेव्हा तिला हातात घेऊन त्यांनी आधी वजन सांगितलं आणि मग नाक कुणावर गेलंय ते बघितलं. अशा माणसाच्या गाडीतून बिडाचं शिलाई मशीन पळवायचं म्हणजे छातीच लागते.

ती काकूंकडे होती. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. निम्म्या गावातल्या पोरांचे शाळेचे गणवेश, इस्पितळाचे पडदे, कुणाच्या लग्नाचे कपडे, कुणाच्या सोफ्याची खोळ, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. "कमरेला दोन बोटं जास्त ठेवा हं काकू," असं कुणी म्हटलं की काकू तोंडातली टाचणी न काढता म्हणायच्या, "चार ठेवते. वर्षभरात लागतीलच." बायका रुसून जायच्या आणि वर्षभराने, ती चार बोटं संपल्यावर, परत यायच्या. तयार झालेले कपडे काकू स्वतः गाडी काढून घरोघरी पोचवायच्या, आणि बाजारातल्या बोळांतून त्या जशी गाडी काढायच्या तशी काटेसाहेबांना जन्मात जमली नसती. हे काटेसाहेब सोडून सगळ्यांना मान्य होतं.

काटेसाहेब नोकरीतून सुटले त्या संध्याकाळी हार टेबलावर ठेवून म्हणाले, "चला, आपण निवृत्त झालो."

त्यातल्या 'आपण'कडे काकूंचं लक्ष गेलं, पण घरात माणसं होती, म्हणून त्या गप्प बसल्या. महिना उलटतो न उलटतो तोच दारात एक चाकांची खोली येऊन उभी राहिली. छोटीशी, सायीच्या रंगाची, दोन चाकांची, गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची कॅरॅव्हॅन. आत समोरासमोर दोन बाक, रात्री त्यांवर फळ्या टाकल्या की बिछाना. दोन शेगड्यांचा ओटा. हात धुवायचं भांडं असं की त्यात एका वेळी एकच हात धुता यावा. मुलगी बघायला आली तेव्हा दारातच हसत सुटली, "बाबा, ही कसली गाडी? ही तर डबी आहे!" तेच नाव पडलं.

डबी आली आणि काटेसाहेबांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. पावसाळ्याआधी छतावर चढून प्रत्येक सांध्यात रबराची लुकण भरायची. आतल्या भिंती बोटाने दाबून बघायच्या, कुठे ओल तर धरली नाही. चाकांच्या बेअरिंगना ग्रीस. उभ्या गाडीचे टायर एका जागी चपटे होतात म्हणून दर रविवारी डबी हातभर पुढे ढकलायची आणि पुढच्या रविवारी हातभर मागे. शेजारीपाजारी म्हणायचे, काटेसाहेब सहलीला निघाले वाटतं. ते निघालेले नसायचे, ते टायर फिरवत असायचे. मुक्कामाला पोचल्यावर चारी कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे, मग ओट्यावर गवंड्याची पाणसळ ठेवायची आणि तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत पाय वरखाली करत राहायचं. बुडबुडा मध्ये आल्याशिवाय चहा नाही. काकूंनी एकदा सुचवलं की चहा तिरका झाला तरी पोटात जाऊन सरळच होतो. त्या सूचनेची दखल घेतली गेली नाही.

आणि वजन. डबीत जाणारी प्रत्येक वस्तू आकड्याच्या काट्याला लटकवून मग आत. लोखंडी तवा नापास झाला, ॲल्युमिनियमचा पास झाला. साबणाची अर्धी वडी पुरते. दोन माणसांना तिसरा चमचा कशाला? पहिल्याच सहलीच्या आधी काटेसाहेबांनी काकूंना समोर बसवून धडा दिला होता. "हे बघ, जड सामान चाकांच्या बरोबर वर किंवा जरासं पुढे. मागे जड झालं की पुढची दांडी उचलली जाते आणि वेगात डबी डोलायला लागते. एकदा डोलायला लागली की गाडीलाही घेऊन जाते. कळलं?"

"कळलं," काकू म्हणाल्या. आणि खरंच कळलं होतं. पुढे जे झालं ते न कळून झालं नाही, हे लक्षात असू द्या.

जागांची वाटणीही झाली. पुढच्या बाकाखाली साहेबांची हत्यारं, मध्ये चाकांवर पाण्याचे कॅन आणि शिधा, मागच्या बाकाखाली काकूंच्या उशा आणि पांघरुणं. उशा-पांघरुणांना काटेसाहेब कधी हात लावत नसत. लग्न झाल्यापासून त्यांनी घडी केलेली चादर कुणी पाहिलेली नाही.

पहिला मुक्काम एका तळ्याकाठच्या मैदानावर. आणखी पाचसहा कॅरॅव्हॅन, काही तंबू, वर झाडं, समोर पाणी. काटेसाहेबांचा दिवस कसा गेला ते त्यांनाच कळलं नाही. नळावरून पाणी आणलं, येता-जाता प्रत्येकाच्या कॅरॅव्हॅनखाली वाकून बघितलं, तिघांना न मागता सल्ला दिला. काकू पायरीवर बसून होत्या.

"बघ, निसर्ग बघ," जाता जाता ते म्हणाले.

काकूंनी बघितला. तळं सुंदर होतं, त्यांची काही तक्रार नव्हती. पण तळ्याकडे माणसाने बघायचं तरी किती? दुपारपर्यंत त्यांचं तळं बघून संपलं. हात मांडीवर रिकामे पडून होते आणि त्या हातांकडे बघून त्यांना एकदम रडूच आलं. आपण काही आजारी नाही, कुणी आपल्याला काढून टाकलेलं नाही, मग इथे असं पाहुण्यासारखं का बसलोय, हे त्यांना कळेना. तेवढ्यात शेजारच्या तंबूची चेन उसवली आणि तिथली सून सेफ्टीपिन मागायला आली. काकू ताडकन उठल्या. सेफ्टीपिन कसली, सुईदोरा काढून अख्खी चेन हाताने शिवून दिली, आणि त्या संध्याकाळी काटेसाहेबांनी विचारलं, "काय गं, फार खुशीत आहेस?" तर म्हणाल्या, "निसर्ग बघितला ना."

दुसऱ्या सहलीला मशीन निघालं. दुकानातलं मोटारचं नव्हे, जुनं, हाताने फिरवायचं, बिडाच्या अंगाचं, जे उचलताना कमरेतून आवाज यायचा. काटेसाहेब निघण्याआधी डबीखाली आडवे पडून बेअरिंग तपासत होते आणि त्यांच्या डोक्यावर दोन हातांच्या अंतरावर काकू मशीन मागच्या बाकाखाली ढकलत होत्या. पुढे उशा लावल्या, वर पांघरूण. एवढ्या वर्षांत ट्रकवाल्यांना जे साधलं नाही ते काकूंनी एका उशीत साधलं. मागे ठेवायचं कारण उघड होतं. सगळ्या डबीत साहेबांचा हात न पोचणारी तेवढी एकच जागा होती.

मग तोच प्रघात पडला. साहेब पाणी आणायला आणि सल्ले द्यायला गेले की जेवायच्या वेळेपर्यंत येत नाहीत, हे काकूंनी हेरलं होतं. तोवर मशीन ओट्यावर यायचं. तंबूच्या चेनी, सावलीच्या कापडाच्या कडा, पोरांच्या फाटक्या चड्ड्या. मुक्कामावरच्या बायकांमध्ये बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! एकीने बरणीभर मध आणून दिला, तो 'शेजारच्यांनी दिला' एवढ्यावर काटेसाहेबांनी चाटूनपुसून संपवला. पुढे मशीनबरोबर मोठी कात्री आली, चेनींचा गठ्ठा आला, दुरुस्तीला घेतलेलं जाड कापड आलं. मागचं बाक बाळसं धरत गेलं.

आणि डबी डोलायला लागली.

गावात नाही, हळू चालताना नाही. मोकळ्या रस्त्याला लागून जरा वेग घेतला की मागून एक हेलकावा यायचा, मग दुसरा, आणि काटेसाहेबांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडायचे. वेग कमी केला की डबी शहाण्यासारखी सरळ. काकू शेजारी बसून समोर बघत राहायच्या. मशीनचं नाव काढलं की ते घरी राहणार, आणि मग पुन्हा ते तळं आहे आणि आपण आहोत.

काटेसाहेबांनी डबी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री गावाच्या टोकाला राहणारा, हसतमुख, कुठल्याही दुखण्यावर बेअरिंग बदलणारा. त्याने बेअरिंग बदलली. डबी डोलली. टायर नवे घातले. डोलली. गाडीमागचा हुक बदलला. डोलली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पुन्हा एकदा बेअरिंग बदलून बघू का?"

ह्या सगळ्या धावपळीत एकच गोष्ट साहेबांना सुखावत होती. डबी जोडताना तिची पुढची दांडी हाताने उचलून हुकावर ठेवावी लागते, आणि ती हल्ली अगदी सहज उचलली जायची. "बघितलंस?" ते दंड दाखवून म्हणायचे. "सकाळचा व्यायाम!" आता ज्या माणसाने स्वतः धडा दिला होता की मागे जड झालं की दांडी उचलली जाते, त्याला हे दिसायला नको? पण दंडाचं कौतुक करायला बसलं की माणसाला दुसरं काही दिसत नाही. काकू म्हणायच्या, "हो ना, तब्येत सुधारलीय तुमची." असं म्हणताना त्यांना आपलाच राग यायचा.

शेवटी एक दिवस साहेब न्याहारीला बसता बसता म्हणाले, "उद्या डबी काट्यावर घालतो. सगळ्या सामानासकट. दूध का दूध होऊन जाऊ दे."

काकूंनी त्या दुपारी काय केलं, तर मशीन, कात्री, चेनी, कापड, सगळं चादरीत बांधून शेजारणीकडे नेऊन ठेवलं. शेजारणीने विचारलं, "काकू, घरातून पळून चाललात की काय?" काकू म्हणाल्या, "अजून ठरलं नाही." आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक त्यांनी तिथे केली.

दुसऱ्या दिवशी डबी काट्यावर चढली. साहेबांच्या जागी आता त्यांनीच शिकवलेला माणूस बसत होता, तो खिडकीतून ओरडला, "साहेब, चोख! तुम्ही सांगितलेल्या आकड्याला एक किलो इकडे नाही की तिकडे नाही!" काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि नवऱ्याकडे बघितलं. काटेसाहेबांचा चेहरा उतरला होता. आकडा बरोबर निघाल्यावर ह्या माणसाचा चेहरा उतरलेला काकूंनी पहिल्यांदाच पाहिला. घरी पोचल्यावर ते गाडी बंद करून, किल्ली हातात धरून बसले.

"वजन बरोबर," ते म्हणाले. "बेअरिंग बरोबर. टायर, हुक, सगळं बरोबर. मग उरलो मीच."

"म्हणजे?"

"म्हणजे माझे हात. गाडी डोलत नाही, मीच डोलवतो. आता आपलं वय नाही हे ओढायचं."

काकूंना तेव्हाच सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण शेजारणीच्या घरातून मशीन आणून नवऱ्यापुढे उभं राहायचं, ह्या कल्पनेनेच त्यांची पाचावर धारण बसली. म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हणता म्हणता आठवडा गेला. मुलीचा फोन आला, "बरं झालं बाबांनीच ठरवलं ते. मी किती दिवस सांगतेय, आता पुरे करा म्हणून." मिस्त्रीला डबी मनापासून आवडायची, तो शनिवारी दुपारी येऊन घेऊन जाणार असं ठरलं. मधल्या रविवारी डबी हातभरही हलली नाही. काटेसाहेब वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसायला लागले. पान उलटायचे विसरायचे. हातातल्या कपातला चहा बशीत सांडायचा, आणि त्या सांडलेल्या चहाकडे ते असे बघायचे की जणू काही तो पुरावाच.

ह्या घरात साहेब दिवसाला तीन वाक्यं बोलायचे, त्यातली दोन जेवणाबद्दल. डबीच्या पायरीवर मात्र संध्याकाळी चहा घेऊन बसले की ते बोलत सुटायचे. काट्यावरच्या गमती, लहानपणीचे उद्योग, एकदा एका ट्रकमध्ये लोखंडाऐवजी तीन म्हशी निघाल्या होत्या ती हकिकत. संसार झाला, मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, पण आपला नवरा इतका गप्पिष्ट आहे हे काकूंना त्या पायरीवर कळलं होतं. डबी गेली की तो माणूस जाणार, आणि त्याला आपणच घालवणार. शनिवारी दुपारी हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की त्या हातातलं काम टाकून उठल्या, शेजारणीकडून गाठोडं आणलं आणि जेवणाच्या टेबलावर नवऱ्यापुढे धपकन ठेवलं. साहेब मिस्त्रीला द्यायला डबीच्या किल्ल्या पुसून ठेवत होते.

"हे काय?"

"तुमचे हात," काकू म्हणाल्या.

"काय?"

"तुमच्या हातांना काही झालेलं नाही. डबी डोलते ती ह्याच्यामुळे. मागच्या बाकाखाली असायचं, उशांच्या मागे. काट्यावर गेलो त्या दिवशी मी शेजारी ठेवून आले होते."

काटेसाहेबांनी गाठोडं सोडलं. मशीनकडे बघितलं. मग आत गेले आणि आपण ज्यावर उभं राहून वजन करतो तो काटा घेऊन आले. त्यावर मशीन ठेवलं. आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"आणि ही कात्री? चेनी?"

"त्या वेगळ्या."

"ठेव त्यावर."

सगळं ठेवून झाल्यावर ते खुर्चीत बसले. "म्हणजे दांडी हलकी लागायची ती..."

"हो."

"व्यायामामुळे नव्हे."

"व्यायाम चांगलाच असतो हो," काकू घाईघाईने म्हणाल्या.

काटेसाहेब हसले नाहीत. एरवी चिडले की त्यांचा आवाज चढायचा. आज तो खाली गेला. "मी म्हातारा झालो असं मी धरून चाललो होतो. रोज सकाळी उठून हात बघायचो. आणि तू समोर बसून बघत राहिलीस."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "चुकलं माझं. फार चुकलं. पण एक सांगा, मला कधी विचारलंत? 'आपण निवृत्त झालो' म्हणालात. तुम्ही झालात. मी कुठे झाले? मला तिथे तुमच्याबरोबर यायचंय. पण हातात काही असल्याशिवाय मला बसवत नाही हो. निसर्ग बघून माझा जीव घाबरा होतो."

बाहेर मिस्त्रीचा आवाज आला. तो दोर आणि आपली जीप घेऊन हजर झाला होता. काटेसाहेब दारात गेले.

"द्यायची नाही," ते म्हणाले.

"का हो साहेब? सापडलं का दुखणं?"

"सापडलं. घरातलंच होतं."

मिस्त्रीने एकदा साहेबांकडे, एकदा आत डोळे पुसणाऱ्या काकूंकडे बघितलं, आणि जरासा विचार करून म्हणाला, "मग बेअरिंग राहू दे ना?"

रात्रीच्या जेवणाला काटेसाहेब एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सोमवारी सकाळी डबीतून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. काकू बघायला गेल्या तर साहेबांनी पाण्याचे कॅन हलवले होते आणि चाकांच्या बरोबर वर, मशीनच्या मापाचा एक लाकडी खण बसवला होता, आतून मऊ, जाड नमदा लावलेला, वर बांधायला पट्टा. "कात्री इकडे," ते काकूंकडे न बघता म्हणाले. "चेनी अर्ध्याच घ्यायच्या. आणि ते जाड कापड ज्याचं त्याला परत." काकूंनी मान हलवली. त्यांना त्या क्षणी सांगितलं असतं तर त्यांनी कात्रीसुद्धा अर्धी करून घेतली असती.

पुढच्या आठवड्यात ते निघाले. दांडी उचलताना साहेब चांगलेच कण्हले, आणि कण्हून खूश झाले. मोकळा रस्ता लागला. वेग वाढला. डबी मागून अशी सरळ येत होती की आहे की नाही ते आरशात बघावं लागावं. काटेसाहेब आधी गुणगुणायला लागले, मग बोलायला. तीन म्हशींची हकिकत पुन्हा एकदा झाली, ह्या वेळी म्हशी चार होत्या. काकूंनी दुरुस्ती केली नाही. त्यांना वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

उतारावर एक मोठी बस शेजारून भरधाव गेली. तिच्या वाऱ्याने डबीला जरासा धक्का बसला. एवढं तर कुठल्याही गाडीला होतं; पाय उचलायचा, हात स्थिर धरायचे, संपलं. काकू नेमक्या साहेबांच्या हातांकडेच बघत होत्या. उजवा हात घट्ट होता. डावा उशिरा आवळला गेला, आणि आवळल्यावरही थरथरत राहिला, कपाच्या वेळी थरथरायचा तसा. साहेबांनी स्टिअरिंगला हिसका दिला. डबी एका बाजूला गेली, मग दुसऱ्या, मागून भांड्यांचा खणखणाट झाला. मग कशीबशी सरळ झाली. काटेसाहेबांनी गाडी हळूहळू कडेला घेतली आणि थांबवली.

रस्ता मोकळा होता. खण चाकांवर होता. मागच्या बाकाखाली उशांशिवाय काही नव्हतं, ते काकूंना पक्कं ठाऊक होतं. साहेब समोर बघत होते. डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर काट्यावरून आले होते त्या दिवसाचीच कळा होती, फक्त ह्या वेळी दोष द्यायला शेजारणीकडे काही ठेवलेलं नव्हतं.

"अहो," काकू म्हणाल्या, "रागावू नका. इस्त्री."

"कुठली इस्त्री?"

"लोखंडी. मागे ठेवलीय मी, उशांच्या मागे. म्हटलं, शिवून झालं की घडी बसत नाही नीट. तुम्हाला सांगायचं राहिलं."

काटेसाहेबांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. खूप वेळ. तिने नजर काढून घेतली नाही. मग ते खाली उतरले आणि डबीच्या मागच्या बाजूला गेले. काकू कान देऊन बसल्या. आता कडी वाजेल, दार उघडेल, उशा बाजूला होतील. ह्या माणसाने आयुष्यात न बघता कुणाचा शब्द मानलेला नाही, सख्ख्या साडूचा टेम्पोसुद्धा रिकामा करायला लावला होता.

कडी वाजली नाही. थोड्या वेळाने साहेब काकूंच्या बाजूने आले आणि त्यांनी काकूंचं दार उघडलं.

"तिकडे सरक," ते म्हणाले.

"मी? डबीसकट?"

"बाजाराच्या बोळातून काढतेस ना? हा तर रस्ता आहे."

काकू सरकल्या. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, पदर खोचला. साहेब शेजारी बसले. काय करावं ते न कळल्यासारखे त्यांचे दोन्ही हात मांडीवर पडले होते. काकूंनी एकदा त्या हातांकडे बघितलं, गिअर टाकला, आणि डबीला घेऊन गाडी रस्त्यावर आली. बैलगाडीच्या वेगाने. मागून दोघातिघांनी हॉर्न मारले. काकूंनी जरासा पाय दाबला.

"हळू," काटेसाहेब म्हणाले. "मागे इस्त्री आहे."